सुट्टीवरून परतलेला जवान आणि सुट्टीवरून परतलेली मुलगी

लेहला विमानातून उतरलेल्या माणसाला फौज पहिले दोन दिवस काहीही करू देत नाही. नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यासाठी सहा दिवस ठरलेले असतात: दोन दिवस विश्रांती, दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, शेवटचे दोन दिवस जरा जास्त चाल आणि थोडी चढण. आणखी वर जायचं तर पुढच्या प्रत्येक टप्प्याला चार-चार दिवस. शिपाई असो की कर्नल, सवलत कुणालाच नाही. सिव्हिलियन मित्रांना नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. वर्षभर तिथेच काढलेला जवान दोन महिन्यांच्या सुट्टीवरून परतला, तरी हे सगळं पहिल्यापासून करतो. शरीर विसरलेलं असतं. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि सुभेदारसाहेबही "एवढ्यात विसरलास?" असं विचारत नाहीत.

दर जूनमध्ये मला हे आठवतं, कारण आमची अकरा वर्षांची मुलगी घरीच शिकते. आठ वर्षांत चार पोस्टिंग, त्यातली दोन ऐन सत्राच्या मध्यावर. प्रत्येक वेळी नवी पुस्तकं, नवी दुसरी भाषा, नव्या मैत्रिणी. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं, शाळा आपल्या सामानाबरोबरच फिरू दे. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी द्यायची. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. बदलीच्या नोकरीत ही दोनदाची सोय किती मोठी आहे, ते फौजी आईबापांनाच कळेल.

उन्हाळ्यात मायलेकी गुहागरजवळच्या आजोळी असतात. आंबे, फणस, समुद्र, रात्री उशिरापर्यंत पत्ते. मग तीन दिवसांचा प्रवास करून तेजपूरला परत, ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर. आणि इथे पहिल्याच सोमवारी सकाळी अपूर्णांकांची चाचणी? माझं स्पष्ट मत आहे, असं करू नये. त्या चाचणीतून एवढंच कळतं की मुलगी सुट्टीवर होती, आणि ते आपल्याला आधीच माहीत असतं.

माझे खडकवासल्याचे कोर्समेट यावर हसतात. म्हणतात, एनडीए काढलेला माणूस आणि पोरीला एवढी ढील? त्यांना मी लेहचीच आठवण करून देतो. तिथली विश्रांती म्हणजे मौज नव्हे, तो हुकूम असतो. पीटी चुकवणाऱ्यापेक्षा दुसऱ्या दिवशी गुपचूप टेकडी चढणाऱ्याला जास्त बोलणी बसतात. आणि चढतो कोण? ज्याला स्वतःच्या फिटनेसचा अभिमान असतो तो. फुप्फुसात पाणी व्हायला लागलं की पुशअपचा रेकॉर्ड कामाला येत नाही. हुशार मुलांच्या आईबापांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

म्हणून आमच्याकडे वेळ पहिल्या दिवसापासून पक्की, ओझं मात्र हळूहळू. वेळ ठरवायला आसामचा सूर्य मदत करतो. जूनमध्ये इथे साडेचारच्या सुमारास उजाडतं, कोकणापेक्षा जवळजवळ दीड तास आधी. चहाच्या बागांत तर पूर्वीपासून घड्याळ एक तास पुढे ठेवतात, त्याला 'बागान टाइम' म्हणतात. आमची शाळाही बागान टाइमवर चालते. सकाळी साडेसहाला टेबलाशी बसायचं. पहिला आठवडा फक्त तासभर.

त्या तासात काय? अर्धा तास मोठ्याने मराठी वाचन, मग आजीला पत्र. आजोबांच्या आंब्यांचा हिशोब ती वहीत लिहून आणते: किती पेट्या गेल्या, पेटीत किती डझन, डागी किती निघाले. त्या वहीत गुणाकार, भागाकार, शेकडेवारी सगळं आहे, फक्त त्याला कुणी धडा म्हणत नाही. शिवाय अंगणात सरळ बाजूंची एक बाटली ठेवलेली असते, तिच्यात रोजचा पाऊस पट्टीने मोजायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपल्या क्वार्टरच्या छतावर काल किती लिटर पडलं, हे गणित ती न सांगता करते. पहिल्यांदा उत्तर आलं तेव्हा तिचा विश्वासच बसला नाही, तीन वेळा तपासलं.

पण खरी जपायची गोष्ट वेगळीच आहे. शाळेतली बाई ओरडली तर मूल घरी येऊन आईच्या पदराआड रडतं. इथे बाई आणि आई एकच. पहिल्या आठवड्यात भागाकारावरून कडाक्याचं वाजलं, तर पोरीने जायचं कुठे? मी तर बहुतेक दिवस वर अरुणाचलात असतो. अभ्यासाचे दोन आठवडे मागे पडले तर भरून काढता येतात. आईसमोर वही उघडायची भीती बसली, तर ती काढायला वर्ष जाईल.

आणि आईचं काय? तीही माहेरून येते. दोन महिने तिला कुणीतरी आयता चहा हातात दिलेला असतो. इथे उतरल्यावर बंद क्वार्टर, बुरशी आलेल्या चपला, भरायचं रेशन, आणि त्यावर शिक्षिकेची नोकरी. जुळवून घ्यायचे सहा दिवस तिलाही लागतात. ते तिला मिळावेत म्हणून मी पहिल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाची चौकशी करत नाही. पावसाचा आकडा विचारतो. तक्रारी मात्र दोन्ही बाजूंच्या ऐकतो, निकाल देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात वेळ दोन तासांवर जाते आणि विज्ञान येतं. गणिताचं पुस्तक उघडतं ते तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा तीन तास पूर्ण. हिंदी व्याकरण कधी सुरू करायचं, यावर यंदा अजून वाटाघाटी चालू आहेत. मुलीचं म्हणणं दिवाळीनंतर.