टाळी देणारे कुठे गेले?

फ्लामेन्को आणि चित्रपट हा विषय निघाला की आपल्या रसिक मंडळींच्या तोंडी एकच नाव येते, कार्लोस साउरा. त्यातही १९९५ सालच्या ‘फ्लामेन्को’ या त्याच्या चित्रपटाविषयी बोलताना त्यांचा आवाज देवघरात आल्यासारखा आपोआप खाली उतरतो. ‘फ्लामेन्को जसे आहे तसे पडद्यावर उतरले’ हा अभिप्राय आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की त्याचा प्रतिवाद करणे आता आम्हांस कर्तव्यच वाटू लागले आहे. साउरा २०२३ साली निवर्तला, आणि गेलेल्या माणसाविषयी कठोर बोलू नये असा संकेत आहे. परंतु आमचे भांडण साउराशी थोडे आणि त्याच्या भक्तांशी अधिक आहे.

हा चित्रपट सेव्हिल शहरातील प्लाझा दे आर्मास या जुन्या, गाड्या थांबलेल्या रेल्वेस्थानकाच्या वास्तूत चित्रित झाला. छायालेखक होते व्हित्तोरियो स्तोरारो, तीन ऑस्कर पारितोषिकांचे धनी. मोठमोठे पडदे, त्यांच्या मागून येणारा कधी नारिंगी, कधी निळा प्रकाश, आणि त्यापुढे एकामागून एक येणारे थोर कलावंत: पाको दे लुसिया, मानोलो सानलुकार, एन्रिके मोरेन्ते, मारियो माया. डोळे निवतात, हे आम्ही नाकारत नाही. पण या प्रकाशाला गाव नाही. येथे खिडकी नाही, शेजारी नाही, अर्धा रिकामा पेला नाही, दारातून डोकावणारे पोर नाही. घरातली जुनी वस्तू उचलून काचेच्या कपाटात ठेवावी, खाली दिवा लावावा आणि मग ‘आता ती खरी दिसू लागली’ असे म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

वस्तू वेगळी काढून दाखवता येते, फ्लामेन्को येत नाही. का येत नाही, हे समजण्यासाठी ते चालते कसे हे पाहावे लागेल. आपल्याकडे फ्लामेन्को म्हटले की झालरीचा झगा आणि टाचांचा गडगडाट डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः तेथील जाणकार पहिला मान गायनाला देतात. गाणे, गिटार आणि नृत्य यांना बांधून ठेवतो तो कोम्पास, म्हणजे तालाचे आवर्तन. सोलेआ, बुलेरिया यांसारख्या प्रकारांत ते बारा मात्रांचे असते, आणि बुलेरियात आघात साधारणपणे बाराव्या, तिसऱ्या, सहाव्या, आठव्या व दहाव्या मात्रेवर येतात. हे आवर्तन तोलून धरतात ते भोवती बसलेले टाळी देणारे. त्यांची टाळीही दोन तऱ्हेची असते. एक कोरडी, कडक. दुसरी तळवे पोकळ धरून दिलेली, दबलेली, गाणारा हळुवार गात असताना त्याच्या आवाजाखाली राहणारी. मधूनच कुणी ‘ओले’ म्हणतो. ती दाद असतेच, शिवाय गाणाऱ्याला पुढे ढकलणारा हातही असतो. नर्तकी ठरावीक पदाघातांनी गायकाला ‘आता तू ये’ अशी हाक देते, गायक तिच्या खांद्याकडे पाहून ओळ लांबवतो किंवा आवरतो, आणि गिटारवाला दोघांकडे पाहत असतो. ताल कुणा एकाच्या खिशात नसतो, तो त्या वर्तुळाच्या मधोमध असतो. मैफलीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे समजावून सांगावे लागू नये. परंतु पडदा पाहताना मात्र हीच मंडळी वर्तुळ विसरून नुसत्या टाचा पाहतात.

कॅमेऱ्यालाही पायांचा मोठा सोस. नाच रंगात आला की चित्र तुटते आणि पडद्यावर दोन बूट दिसू लागतात. बूट म्हणजे परिणाम. त्याचे कारण कमरेत, मानेत, समोरच्या गायकाने घेतलेल्या श्वासात असते. ते चौकटीबाहेर गेले की उरते ती टापांची शर्यत. १८९४ साली एडिसनच्या चित्रशाळेत कार्मेन्सिता या स्पॅनिश नर्तकीचे काही सेकंदांचे मूक चित्रण झाले. कॅमेरा खिळवून ठेवलेला, म्हणून बाई डोक्यापासून पायापर्यंत दिसते. तेव्हा ध्वनी नव्हता. ध्वनी आल्यावर आपण देह कापून टाकला.

स्पॅनिश चित्रपटाने देखाव्याची ही हौस पुरेपूर भागवून घेतली. एद्गार नेव्हिलच्या १९५२ सालच्या चित्रपटात आंतोनिओ हा विख्यात नर्तक रोंदा येथील प्रचंड दरीच्या सान्निध्यात मार्तिनेते नाचतो. मार्तिनेते हे लोहारांच्या भट्टीशी नाते सांगणारे, गिटारीवाचून गायले जाणारे गाणे. नाच अप्रतिम आहे, पण दरीपुढे भट्टी कुणाला आठवते? पुढे फ्रँकोच्या राजवटीत परदेशी प्रवाशांना ओढण्यासाठी ‘स्पेन काही वेगळाच’ ही जाहिरात झाली आणि आंदालुसियातील गरिबांचे गाणे साऱ्या देशाचे भित्तिचित्र बनले. २०११ सालच्या एका हिंदी चित्रपटातील ‘सेन्योरिता’ गाण्यावर आपली तरुण मंडळी खूश झाली, ती त्याच भित्तिचित्राच्या एका नव्या प्रतीवर.

याच्या उलट उदाहरण हवे असेल तर फ्रान्सिस्को रोव्हिरा बेलेताचा १९६३ सालचा ‘लोस तारान्तोस’ पाहावा. कथा रोमिओ-ज्युलिएटचीच, बार्सिलोनातील खितानो कुटुंबांत घडणारी. तीत आम्हांला फारसे स्वारस्य नाही. परंतु त्यात कार्मेन आमाया आहे, आणि समुद्रकाठची सोमोरोस्त्रो ही झोपडवस्ती आहे, जिथे तिचा जन्म झाला. ती बसलेली असते. बोटांच्या पेरांनी टेबलावर ठोके देऊ लागते. भोवतीचे तिचे ठोके उचलतात, आणि मग ती उठते. उठण्यापूर्वीच नाच सुरू झालेला असतो, आणि हे कॅमेऱ्याला दिसले आहे! ती त्या वेळी मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ती गेली. हे ठाऊक नसतानाही ते टेबल विसरता येत नाही.

आमचा खरा साक्षीदार मात्र चित्रपटगृहात आलाच नाही. १९७१ ते १९७३ या काळात स्पेनच्या सरकारी दूरदर्शनने ‘रितो इ खेओग्राफिया देल कान्ते’ या नावाची, सुमारे शंभर भागांची माला प्रसारित केली. मारियो गोमेस, पेद्रो तुर्बिका आणि लेखक होसे मारिया व्हेलास्केस-गास्तेलू हे तिचे कर्ते. कृष्णधवल चित्रण, साधा प्रकाश. गायकांना त्यांच्या घरी, गुत्त्यात, अंगणात गाठलेले. मोरोन गावचा दिएगो देल गास्तोर हा गिटारवादक बाजारात ध्वनिमुद्रिका काढायला कधी तयार झाला नाही. तो १९७३ साली वारला, आणि त्याची बोटे आज दिसतात ती बऱ्याच अंशी या मालेमुळे. ज्या राजवटीने फ्लामेन्कोचे भित्तिचित्र केले, तिच्याच दूरदर्शनवर, तिच्याच अखेरच्या वर्षांत, ओल आलेल्या भिंतींसमोर बसून म्हातारी माणसे गायली. ही गोष्ट साउराभक्तांनी एकदा शांतपणे विचारात घ्यावी.

यावर आमच्या एका स्नेह्यांचा आक्षेप असा की आम्ही कलाकृतीला दस्तऐवजाचे माप लावत आहोत. माप त्यांनीच लावले. ‘जसे आहे तसे’ हे शब्द त्यांचे. साउराची कलाकृती म्हणून आम्ही १९८१ सालचा ‘बोदास दे सांग्रे’ केव्हाही पुढे करू. लोर्काच्या नाटकावरून आंतोनिओ गादेसने बसवलेला तो नृत्यप्रयोग. साउराने प्रयोग न दाखवता रंगीत तालीम दाखवली: माणसे येतात, आरशापुढे बसतात, रंग लावतात, अंग मोकळे करतात. रिकामी खोली तेथेही आहे, पण ती त्यांची रोजची खोली आहे. ‘फ्लामेन्को’तही पाकेरा दे हेरेथ आपल्या गोतावळ्यात बुलेरिया गाते, किंवा वृद्ध फार्रुको आपल्या किशोरवयीन नातवासह येतो, तेव्हा स्तोरारोचे दिवे क्षणभर विसरायला होतात. म्हणजे माणसे चौकटीत आली की चित्रपट श्वास घेतो. आम्ही दुसरे काय म्हणतो आहोत?

आणखी एका गोड गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. टोनी गात्लिफचा ‘लाच्चो द्रोम’ (१९९३) राजस्थानात सुरू होतो आणि स्पेनमध्ये ला काइताच्या गाण्याशी संपतो. तो पाहून आपली मंडळी छाती फुगवून म्हणतात, ‘पाहा, फ्लामेन्को म्हणजे आपले कथकच!’ रोमा लोकांच्या भाषेचे मूळ भारतीय आहे, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यांची स्पेनमधील पहिली नोंद १४२५ सालची आहे. पण फ्लामेन्को हे नाव व रूप आकारास आले ते आंदालुसियात, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, खितानो आणि इतर गरीब रयतेच्या सहवासात. मध्ये साडेतीनशे-चारशे वर्षे गेली. १७४९ साली राजाज्ञेने हजारो खितानोंना एका झपाट्यात कैद केले गेले, तेही त्याच वर्षांत. हे सारे ओलांडून टाचांच्या साम्यावर वारसा सांगणे म्हणजे काचेच्या कपाटाला आपल्या नावाची पाटी लावणे होय.

उत्रेराच्या फेर्नांदाचे गाणे दोन्हीकडे आहे: मालेत ती पन्नाशीच्या आतबाहेर, आपल्या गावच्या माणसांत, साउराकडे सत्तरी ओलांडलेली, पडद्यांच्या प्रकाशात. आवाज दोन्हीकडे तसाच फाटलेला आणि तसाच जीव काढणारा. आमच्या मंडळाने पुढच्या तिमाहीत फ्लामेन्कोचा चित्रपट लावायचे ठरवलेच आहे, तर हे दोन तुकडे एकापाठोपाठ एक लावावेत, आणि मध्ये कुणीही प्रास्ताविक करू नये. आम्हीही करणार नाही.