चंद्र पडतो का?

7 सप्टेंबर 2025 च्या रात्री 11 पासून 12 वाजून 22 मिनिटांपर्यंत चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या सावलीत होता. त्या रात्री टोकावड्याकडे आपल्याही काही घरांत गरोदर सुनेला विळीला हात लावू दिला नाही, हे ऐकून वाईट वाटले. ज्यांच्या आज्या-पणज्यांना ग्रहण सुटताना ‘दे दान, सुटे गिराण’ ओरडत दारोदार फिरावे लागे, त्यांनी तरी राहू-केतूला घरात घेऊ नये!

आता मुलांचा प्रश्न. आंबा पडतो, मग चंद्र का पडत नाही? बाळांनो, तोही पडतो. पण जोडीला सेकंदाला सुमारे 1 किलोमीटर पुढे धावतो. गोफण फिरवा. दोरी दगडाला आत ओढते. सोडली की दगड सरळ सुटतो. चंद्राची दोरी म्हणजे पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण.

न्यूटनचा हिशेब आम्हा कारकुनांनाही जमतो. आंबा पहिल्या सेकंदात 4.9 मीटर पडतो. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र आंब्याच्या 60 पट दूर, म्हणून ओढ 60 गुणिले 60, म्हणजे 3600 पट कमी. भागाकार वहीत करा. जेमतेम 1.4 मिलिमीटर येतो! सेकंदाला चंद्राची वाट सरळ रेषेपासून एवढीच आत वळते, आणि सुमारे 27 दिवस 8 तासांत फेरी पुरी होते. याच गणिताने ग्रहणाची वेळ मिनिटासकट आधीच छापून येते. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेला सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो.