फुलसावंगी ते केदारनाथ : हेलिकॉप्टर का कोसळते?

यवतमाळ जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे, आणि पूर्वेला कोळसा खाणींसाठी ओळखले जाणारे वणी शहर. या दोन ठिकाणांचा हेलिकॉप्टरशी नित्याचा असा काही संबंध नाही. निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरे येतात, धूळ उडते, मुले धावतात आणि दोन दिवसांत सारे पूर्ववत होते. तथापि याच यंत्रापायी या दोन गावांत चार वर्षांच्या अंतराने शोक झाला. त्या दोन्ही घटनांचा एकत्र विचार कोणी केलेला आमच्या वाचनात नाही, म्हणून हा प्रपंच.

१० ऑगस्ट २०२१ च्या रात्री फुलसावंगीतील २४ वर्षांचा एक तरुण स्वतः तयार केलेल्या एकआसनी हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. शिक्षण आठवीपर्यंतचे, व्यवसाय वेल्डिंगचा. सुमारे दोन वर्षे खपून त्याने लोखंडी नळ्यांचा सांगाडा जोडला होता आणि त्यावर मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसविले होते. स्वातंत्र्यदिनी हे यंत्र गावकऱ्यांपुढे उडवून दाखवावे, अशी त्याची मनीषा होती. यंत्र जमिनीवरच होते. शेपटीकडील पाते तुटून मुख्य पात्यावर आदळले आणि मुख्य पात्याचा आघात चालकाच्या जागी बसलेल्या त्या तरुणाच्या डोक्यावर झाला. त्यात त्याचा अंत झाला. या प्रसंगाची चित्रफीत देशभर फिरली. आम्ही ती पाहिलेली नाही व पाहण्याची इच्छाही नाही.

१५ जून २०२५ च्या पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेले बेल ४०७ जातीचे हेलिकॉप्टर गौरीकुंडानजीकच्या जंगलात कोसळले. त्यातील सातही जण दगावले. वणीचे एक दांपत्य आणि त्यांची चिमुकली कन्या त्यांत होती.

पहिल्या घटनेवर लोक म्हणाले, अडाणी धाडस. दुसरीवर म्हणाले, दैवाचा घाला. ही दोन्ही मते आम्हांला घाईची वाटतात. पहिल्या मताने त्या तरुणावर अन्याय होतो, आणि दुसऱ्या मताच्या आडोशाने जबाबदार माणसे सुटून जातात.

हेलिकॉप्टरचे वैशिष्ट्य असे की, विमानाला पंख असतात तर याला पंखच फिरवावे लागतात. रॉबिन्सन आर-२२ हे जगात बहुसंख्येने वापरले जाणारे दोनआसनी हलके हेलिकॉप्टर घ्या. त्याची मुख्य पाती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेतात आणि पात्याच्या टोकाचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर जातो. या फिरण्यामुळे प्रत्येक पात्याच्या मुळाशी कित्येक टनांची ओढ निर्माण होते. मुख्य पाती एका दिशेने फिरली की यंत्राचे धड विरुद्ध दिशेने फिरू पाहते. त्याला आवर घालण्याचे काम शेपटीचे छोटे पाते करते, आणि ते मुख्य पात्याच्या सहापटीहून अधिक वेगाने फिरते. या दोन पात्यांत वजनाचा किंचित असमतोल राहिला, एखाद्या सांध्यात केसाएवढी भेग पडली, तर ती दर फेऱ्यागणिक वाढत जाते. मोटारीचा एखादा बोल्ट सैल झाला तर आधी खडखड ऐकू येते, मग आपण गॅरेज शोधतो. येथे खडखड ऐकू येण्याचा क्षण आणि तुटण्याचा क्षण यांत अंतर फारसे नसते.

म्हणूनच कारखान्यांत पात्यांची चाचणी माणसाला दूर ठेवून घेतली जाते. पाती उंच मनोऱ्यावर चढवून फिरवितात आणि तपासनीस भिंतीआड असतात. नंतर संपूर्ण यंत्र जमिनीला जखडून चालविले जाते. अमेरिकी नियमांप्रमाणे पाती फिरविणाऱ्या यंत्रणेला अशी किमान १०० तासांची परीक्षा द्यावी लागते. आर-२२ व आर-४४ या यंत्रांना २२०० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा संपूर्ण खोलून दुरुस्त करावे लागते आणि पाती बदलावी लागतात, मग ती डोळ्यांना कितीही चांगली दिसोत.

फुलसावंगीच्या तरुणाच्या हातात कौशल्य होते याविषयी आम्हांला शंका नाही. जे यंत्र उभे करायला कारखान्यात शेकडो माणसे लागतात, ते त्याने वेल्डिंगच्या दुकानात उभे केले आणि पाती फिरविलीही. त्याच्याजवळ नव्हता तो शंभर तासांचा कंटाळा. यंत्र साखळदंडाने बांध, तू पन्नास पावलांवर भिंतीआड उभा राहा, दोरीने अथवा तारेने इंजिनाचा वेग वाढव, दर तासाला थांबून प्रत्येक जोड तपास, असे सांगणारा कोणी त्याच्याजवळ नव्हता. मोटारीचे इंजिन रस्त्यावर पूर्ण ताकदीने क्वचितच चालते, हेलिकॉप्टरमध्ये मात्र ते सतत जोर लावत असते, आणि त्याचे कंप पात्यांच्या दांड्यापर्यंत पोहोचतात. हे ज्ञान पुस्तकांत आहे. पण ती पुस्तके फुलसावंगीला पोहोचली नाहीत, चित्रपट पोहोचला. मृत्यूनंतर वृत्तपत्रांनी त्याला ‘रँचो’ म्हटले. हयातीत एखाद्या प्राध्यापकाने त्याच्या दुकानात अर्धा तास घालविला असता तर अधिक बरे झाले असते.

नियमांचा मार्ग तरी त्याला कितपत खुला होता? मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण वाचकांना आठवत असेल. त्यांनी कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहाआसनी विमान बांधले. ते स्वतः वैमानिक. तरीही विमानाची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ आणि उड्डाणाचा परवाना मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडला, आणि तोवर हा विषय मुख्यमंत्री व पंतप्रधानांपर्यंत गेला होता. महानगरातल्या प्रशिक्षित माणसाची ही कथा, तर महागाव तालुक्यातील वेल्डरने कोणत्या खिडकीवर अर्ज करायचा होता? यवतमाळ जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षण आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दुपार अशा स्वयंशिक्षित कारागिरांसाठी दार उघडे ठेवले, तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग परवानाधारक हेलिकॉप्टरे तरी सुरक्षित असतील. बऱ्याच अंशी आहेत. अमेरिकेत, जेथे याची नोंद काटेकोर ठेवली जाते, दर एक लाख उड्डाण-तासांमागे जीवघेण्या अपघातांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांत एकाहून कमी आहे. मोठ्या प्रवासी विमानांच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी अधिक भरते, हेही खरे. २००६ साली जगभरच्या संबंधितांनी एकत्र येऊन दहा वर्षांत अपघात ८० टक्क्यांनी घटविण्याचा संकल्प सोडला. अपघात घटले, परंतु संकल्प पुरा झाला नाही.

याचे कारण यंत्रात कमी आणि माणसात अधिक आहे. अमेरिकेतील हेलिकॉप्टर सुरक्षा मंडळाने जीवघेण्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे निम्मे अपघात तीनच प्रकारांत मोडले : वैमानिकाचा ताबा सुटणे, ढगात अथवा धुक्यात नकळत शिरणे, आणि जमिनीलगत उडताना तारा किंवा झाडांना धडकणे. इंजिन बंद पडणे हे सामान्य प्रवाशाला सर्वांत भयंकर वाटते, पण तेवढ्याने हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येत नाही. खालून येणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात आणि सराव असलेला वैमानिक ते उतरवू शकतो. मात्र हलक्या यंत्राची पातीही हलकी, त्यामुळे त्यांची गती झपाट्याने उतरते. आर-२२ मध्ये वैमानिकाला योग्य हालचाल करण्यासाठी जेमतेम दीड सेकंद मिळतो. दोन पात्यांच्या या यंत्रांत हिसका बसल्यास पाती आपल्याच दांड्यावर आदळण्याचाही धोका असतो. न्यूझीलंडच्या अपघात अन्वेषण आयोगाने २०१६ मध्ये त्याविषयी जाहीर इशारा दिला होता.

महाराष्ट्रातील नोंदी याच अंगाने वाचाव्यात. २५ मे २०१७ रोजी निलंग्याला मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच विजेच्या तारांत सापडून खाली आले. सुदैवाने सर्व बचावले. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत हौशी फेरीवर निघालेले आर-४४ कोसळले आणि वैमानिकाचा जीव गेला. ३ मे २०२४ रोजी महाडला प्रचारासाठी आलेले हेलिकॉप्टर मैदानात उतरताना कलंडले. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्याजवळ बावधन येथे धुक्यात उडालेले ऑगस्टा १०९ काही क्षणांतच डोंगराळ भागात पडले आणि तिघे ठार झाले. त्या यंत्राला इंजिने दोन होती, परंतु धुक्यापुढे दुसऱ्या इंजिनाचा काय उपयोग?

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच वणीच्या हेलिपॅडवर एका माजी मुख्यमंत्र्यांच्या बॅगा तपासल्या गेल्या आणि त्यावर राज्यभर वादंग माजले. बॅगांत काय होते याची चर्चा आठवडाभर चालली. त्या मैदानाभोवती तारा किती उंचीवर आहेत, माती भिजविली होती काय, गर्दी किती दूर होती, हे मात्र कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. हल्ली खेड्यापाड्यांत नवरी सासरी नेण्यासाठीही हेलिकॉप्टर मागविले जाते. तेथेही हौशीपुढे हे प्रश्न मागे पडतात.

केदारनाथच्या मार्गावर तर धोक्याची सर्व कारणे एकत्र येतात. मंदिर साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत पात्यांना कमी आधार मिळतो आणि इंजिनाची ताकद घटते. दरी अरुंद, त्यामुळे परत फिरायला जागा अपुरी. सारे उड्डाण डोळ्यांनी दिसते त्यावर, आणि ढग मिनिटांत दरी झाकून टाकतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला आपण सरळ आहोत की कलंडलो आहोत हे शरीर सांगू शकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच मार्गावर, अशाच हवेत, याच जातीचे हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले होते. २०२५ च्या हंगामात ८ मे ते १५ जून या अवघ्या सहा आठवड्यांत चारधाम मार्गावर हेलिकॉप्टरच्या पाच दुर्घटना झाल्या. ८ मे रोजी गंगनानीजवळ सहा जणांचा मृत्यू झाला, तेव्हाच धोक्याची घंटा वाजली होती. १५ जूनच्या उड्डाणाच्या वेळी दरीत ढग होते. नेमून दिलेल्या वेळेआधीच हेलिकॉप्टर निघाले, असा आरोप पोलिसांत दाखल झालेल्या फिर्यादीत आहे. त्याच दिवशी त्याच हवेत उडालेल्या अन्य दोन वैमानिकांचे परवाने शासनाने सहा महिन्यांसाठी निलंबित केले. याचा अर्थ, त्या सकाळी धोका पत्करणारा वैमानिक एकटा नव्हता.

फेऱ्यांवर ज्याची कमाई अवलंबून आहे, त्या मालकाला हवा स्वच्छ होईपर्यंत थांबणे परवडत नाही. रांगेतला यात्रेकरूही उतावीळ असतो. परतीची गाडी पकडायची असते, रजा संपत आलेली असते. ‘आज उड्डाण होणार नाही’ असे वैमानिकाने सांगितले की खिडकीवर भांडण होते. अशी भांडणे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील, कदाचित केलीही असतील.

तेव्हा कोणत्याही यात्रेला, सहलीला वा हौशी फेरीला हेलिकॉप्टरने जाणाऱ्यांनी काही गोष्टी तिकीट काढण्याआधीच विचाराव्यात. हवामानामुळे उड्डाण रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतील काय? प्रत्येकाचे वजन खरोखर काट्यावर घेतले जाते काय, की तोंडी सांगितलेले लिहून घेतात? पायी किंवा मोटारीने परतायची वेळ आली तर हाताशी एक दिवस आहे काय? आणि समोरचा डोंगर दिसत नसेल तर आपण होऊन रांगेतून बाहेर पडावे. केदारनाथहून गौरीकुंडापर्यंत पायवाट आहे. उतरायला दिवसाचा बराच भाग लागतो. घोडी मिळतात आणि लहान मुलांना पाठीवरच्या टोपलीत घेऊन उतरणारी माणसेही मिळतात.