संशोधनास एकच माप

सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत लोकसभेनें व राज्यसभेनें अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा मंजूर केला. पांच वर्षांत ५०,००० कोटी रुपये संशोधनासाठीं उभे करावयाचे व त्यांतील मोठा वांटा खाजगी उद्योगधंद्यांकडून मिळवावयाचा, असा हा संकल्प आहे. ज्या देशांत संशोधनावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा एकाहूनही कमी भरतो त्या देशांत असा कायदा व्हावा ह्याचें आम्हांस समाधानच वाटतें, व त्याबद्दल सरकारचें अभिनंदन करण्यांत आम्ही हात आंखडता घेत नाहीं. परंतु कायद्यांत प्रतिष्ठानाचें जें कार्यक्षेत्र सांगितलें आहे तें वाचीत असतां एका ठिकाणीं आमची दृष्टि अडखळली. गणितासह सृष्टिशास्त्रें, यंत्रविद्या, पर्यावरण, आरोग्य, शेती ह्यांचीं नांवें तेथें उघड घेतलीं आहेत. मानव्यविद्या व समाजशास्त्रें ह्यांना मात्र विज्ञानाशीं व तंत्रविद्येशीं त्यांचा जेथें सांधा जुळत असेल तेवढ्यापुरताच प्रवेश दिला आहे. कायद्याच्या अभ्यासाचें तर नांवही नाहीं. म्हणजे व्याकरण, इतिहास व न्यायशास्त्र ह्यांनीं मुख्य दरवाजानें यावयाचें नाहीं. कोणी यंत्रशास्त्रज्ञ बोट धरून आणील तर ओसरीवर बसावयाचें!

ह्यावर असें सांगण्यांत येईल कीं, समाजशास्त्रांसाठीं सन १९६९ पासून व इतिहासासाठीं सन १९७२ पासून निराळ्या परिषदा आहेतच. आहेत खऱ्या; पण घरांत नवें धान्य आलें असतां धाकट्या भावाला जुन्या कणगीकडे बोट दाखविणें ह्याला कोणी वांटणी म्हणत नाहीं.

ह्या भेदाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद नेहमीं पुढें येतो तो असा कीं, देश अद्याप गरीब आहे. औषध, धान्य, वीज ह्यांचा शोध आधीं, पोथ्यांचा मागाहून. हा युक्तिवाद करणारे सर्वच विद्येचे शत्रु आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पण कोणत्या विद्येंतून उपयोग निघेल हें आधींच सांगतां येतें, असें एक गृहीत त्यांत दडलेलें आहे, आणि आपल्याच प्रांताचा अनुभव त्याच्या उलट आहे. सन १८९१ मध्यें संमतिवयाचा वाद पेटला तेव्हां दहा वर्षांची मर्यादा बारांवर नेण्यास धर्मशास्त्राची आडकाठी आहे असा गिल्ला उठला. त्या वेळीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं मूळ ग्रंथांतील वचनें शोधून व त्यांचा अर्थ लावून, हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें विवाहाचें वय कोणतें ह्यावर एक टिपण प्रसिद्ध केलें. कायदा मंजूर झाला. भांडारकरांनीं व्याकरणांत व हस्तलिखितांत आयुष्य घातलें तें कांहीं ह्या वादासाठीं नव्हे. परंतु तें व्याकरण पदरीं नसतें तर सुधारणेच्या पक्षाला नुसत्या कळकळीवर लढावें लागलें असतें.

त्याच भांडारकरांच्या नांवानें सन १९१७ मध्यें पुण्यांत निघालेल्या संस्थेनें सन १९१९ मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं त्यासाठीं एक लाख रुपये देण्याचें वचन दिलें होतें. सन १९२५ पासून मुख्य संपादक झालेले डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर हे मूळचे केंब्रिज येथें गणित शिकलेले गृहस्थ. काश्मिरांतील शारदा लिपीपासून मलयाळम् लिपीपर्यंतच्या पोथ्या जमवावयाच्या, श्लोकाश्लोकाचे पाठ तक्त्यावर उतरावयाचे, एकमेकांपासून दूर राहिलेल्या परंपरा कोठें एकमुखानें बोलतात तें पाहावयाचें, आणि त्यावरून जुना पाठ ठरवावयाचा, ही त्यांची रीत होती. पाठ ताडून पाहण्याचें काम पुण्याप्रमाणेंच शांतिनिकेतनांत व तंजावरासही चाललें होतें. एकंदर १,२५९ हस्तलिखितें पाहिलीं गेलीं. व्यासांनीं सांगितलें व गणपतीनें लिहून घेतलें ही घरोघरीं ठाऊक असलेली कथा जुन्या पाठाच्या कसोटीस उतरली नाहीं, तेव्हां संपादकांनीं ती मूळ संहितेंतून काढून परिशिष्टांत नेऊन ठेविली. मनांत श्रद्धा असूनही पुराव्यापुढें मान लवविणें हेंच जर विज्ञान असेल, तर प्रयोगशाळेंत ह्याहून निराळें काय होतें, हें आम्हांस कोणी समजावून सांगावें. सुखटणकर सन १९४३ मध्यें वारले. आवृत्ति पुरी झाली सन १९६६ मध्यें, म्हणजे ४७ वर्षांनीं.

सत्तेचाळीस वर्षें हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण सन २०१० मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें अध्यापकांच्या संशोधनास गुण देण्याची पद्धति सुरू केली: निबंधास इतके, पुस्तकास इतके, परिषदेंतील हजेरीस इतके. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यासही प्रबंध देण्यापूर्वीं नियतकालिकांत निबंध छापून आणण्याची सक्ति झाली. मागणी उत्पन्न झाली कीं माल येतोच. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें उगवलीं, व सन २०१८ मध्यें आयोगाला आपल्याच मान्य यादींतून ४,३०५ नांवें एकदम काढून टाकावीं लागलीं. डॉक्टरेटची ती सक्ति सन २०२२ मध्यें उठली हें उत्तम झालें. पण मोजण्याची संवय सुटली असें दिसत नाहीं. वर्षास किती निबंध, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञास कदाचित् शोभेल. पोथ्यांचे पाठ लावणारास तो विचारणें म्हणजे आंबराई लावणारास श्रावणांत पीक किती आलें म्हणून विचारणें होय.

कायद्याच्या अभ्यासाची गोष्ट तर आणखीच निराळी. सन १९७२ मध्यें त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांत एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यांतच अत्याचार झाला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानें पोलिसांस दोषी ठरविलें. सन १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांस सोडून दिलें, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या व तिनें आरडाओरडा केल्याचें दिसत नव्हतें. पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार ह्या कायद्याच्या चौघां अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस एक अनावृत पत्र लिहिलें. पोलीस ठाण्यांत, रात्रीच्या वेळीं, सत्तेच्या धाकाखालीं गप्प राहणें म्हणजे संमति नव्हे, हा त्यांचा मुद्दा. त्या पत्रांतून चळवळ उभी राहिली, आणि सन १९८३ मध्यें फौजदारी कायदा व पुराव्याचा कायदा बदलला. ताब्यांतील स्त्रीनें आपली संमति नव्हती असें सांगितल्यास न्यायालयानें तें गृहीत धरावें, असें कलम त्यांत आलें. हें पत्र केवळ भावनेचें नव्हतें. निकालपत्राचें वाक्य न् वाक्य उलगडून संमति आणि शरणागति ह्यांतील भेद त्यांत दाखविला होता. कायद्याचें संशोधन तें हेंच. गुणांच्या तक्त्यांत अशा पत्राला किती गुण? ज्याला खूण करावी असा रकानाच तेथें नाहीं.

आतां सृष्टिशास्त्रें तरी ह्या मापानें सुखी आहेत काय? नारायणगांवाजवळ खोडद येथें व आसपासच्या शिवारांत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या प्रयत्नानें हें रेडिओ दुर्बिणींचें जाळें झालें. विश्वांत अतिशय मंद गतीचे गुरुत्वलहरी असाव्यात ह्याचीं चिन्हें दिसल्याचें सन २०२३ च्या जूनमध्यें जाहीर झालें, त्यांत ह्या दुर्बिणीवरील निरीक्षणांचा वांटा होता. युरोपांतील ज्योतिषी तर हीच निरीक्षणें सुमारें पंचवीस वर्षें जमवीत आले होते. ह्याचा कारखान्याला उद्यां काय उपयोग, असें खाजगी देणगीदारानें विचारलें तर सांगण्यासारखें उत्तर नाहीं. तेव्हां हें भांडण सृष्टिशास्त्र विरुद्ध मानव्यविद्या असें नसून धीर विरुद्ध घाई असें आहे.

आणि विद्येच्या ह्या भिंती कितपत खऱ्या आहेत? गोव्यांत सन १९०७ मध्यें जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती. जनुकांमधील अंतर मोजण्याचें त्यांचें सन १९४४ चें सूत्र आनुवंशविद्येंत आजही वापरतात. त्याच गृहस्थानें हजारों जुनीं आहत नाणीं नाजूक तराजूंत तोलून, हातोहातीं फिरून नाणें किती झिजतें ह्याचें गणित मांडलें व त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावला. शिवाय सन १९४८ मध्यें भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति काढली. आतां कोणी म्हणेल कीं, नव्या कायद्याला अभिप्रेत असलेला सांधा तो हाच. तराजूपुरतें तें खरें आहे. पण कोणत्या नाण्याला काय विचारावें हें तराजू सांगत नाहीं. तें इतिहास व संस्कृत जाणणारा सांगतो, आणि तो तयार व्हावयास इतिहास व संस्कृत आपापल्या पायांवर उभीं असावीं लागतात. डॉ. पांडुरंग वामन काणे ह्यांनीं हायकोर्टांत वकिली करीत व्यवहारमयूखाची प्रस्तावना लिहावयास घेतली. तिचा विस्तार होत सन १९३० ते १९६२ ह्या काळांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड झाले. हा ग्रंथ कायद्याचा कीं वाङ्मयाचा, ह्याचा निकाल कोणत्या समितीनें द्यावा?

मानव्यविद्येच्या मंडळींस झांकून घेण्याचा आमचा हेतु नाहीं. अमुक लेखकाचीं अमुक पुस्तकें, ‘एक चिकित्सक अभ्यास’, अशा मथळ्याचे प्रबंध आपल्या विद्यापीठांत वर्षानुवर्षें निघतात. त्यांत चिकित्सा किती व उतारे किती, हें परीक्षक जाणतात व मौन धरितात. कायद्याचे कित्येक प्रबंध तर कलमांची जंत्री ह्यापलीकडे जात नाहींत. जे आपल्या कामाला कसोटी लावून घेत नाहींत त्यांना दुसऱ्याची कसोटी खोटी म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं. म्हणून कसोटी असावीच. पण ती त्या त्या विद्येच्या जाणत्यांनीं लावावी.

आमची मागणी फारशी मोठी नाहीं. कायद्यांतील कार्यक्षेत्राचें कलम दुरुस्त करून मानव्यविद्या, समाजशास्त्रें व न्यायशास्त्र ह्यांचीं नांवें कोणत्याही शेपटाशिवाय घालावींत. चिकित्सक आवृत्ति, कोश, भाषांतर, न्यायनिर्णयाचें परीक्षण हीं निबंधाच्या बरोबरीचीं मानावींत, आणि मराठींत लिहिलेलें काम मराठींत आहे एवढ्याच कारणानें हलकें समजूं नये. दहा वर्षांचें काम दहा वर्षांच्या मापानें पाहावें.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत सन १९४८ पासून ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत भाषेचा महाकोश तयार होत आहे. सुमारें १,५०० ग्रंथांतून शब्द उतरून घेतले आहेत, चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरांत आहे, आणि छपाई अद्याप ‘अ’ ह्याच अक्षरांत आहे. तेथें चिठ्ठ्या लावीत बसलेल्या तरुण सहाय्यकानें वर्षअखेरच्या तक्त्यांत काय लिहावें, हें ज्यांनीं तो तक्ता तयार केला त्यांनींच त्याला सांगावें.