तोंडवळा आणि वारसा

गेल्या भाऊबिजेला माझा भाचा आपली नवी मोटार घेऊन पुण्याहून आमच्या गावी आला. युरोपात एके काळी गाजलेल्या एका छोट्या गाडीचा तो नवा अवतार होता. कुठल्या, ते सांगत नाही. घरच्या माणसाच्या खरेदीची चारचौघांत झडती घेऊ नये. गाडी देखणी होती, यात शंका नाही. गोल डोळे, गुबगुबीत गाल आणि सायीसारखा रंग. आळीतली पोरे हातातले लाडू तोंडात कोंबून तिच्याभोवती जमली.

"चला, आजीला देवीच्या दर्शनाला नेऊन आणू," असे भाचा म्हणाला आणि तिथेच घोटाळा झाला. गाडीला दारे दोनच. मागे बसायचे तर पुढची खुर्ची वाकवून, अंग चोरून आत शिरायचे. माझ्या आईचे वय अठ्ठ्याहत्तर. दोनदा प्रयत्न करून ती दमून पायरीवर बसली. अखेर तिला पुढे बसवले, मागे बहीण आणि मी गुडघे हनुवटीला लावून बसलो, आणि माझी बायको व पोरे मागून रिक्षाने आली. परतल्यावर आई म्हणाली, "एवढी थोरली गाडी, आणि आत माणसांना जागा नाही! तुझ्या काकांच्या टॅक्सीत आपण सातजण बसून महालक्ष्मीला जात होतो की रे!"

भाचा हसला. "आजी, ही नुसती गाडी नाही. हिला साठ वर्षांचा वारसा आहे!"

सणाचा दिवस म्हणून मी गप्प बसलो. पण 'वारसा' या शब्दाचा अर्थ वर्गात दरवर्षी समजावून सांगणाऱ्या मास्तराला ते गप्प बसणे वर्षभर डाचत राहिले. म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. या जुन्या छोट्या गाड्यांचा वारसा त्यांच्या चेहऱ्यात नव्हता. त्यांनी सामान्य माणसाला दिलेल्या वचनात होता. थोड्या पैशांत, थोड्या जागेत आणि थोड्या पेट्रोलवर आम्ही तुमचे कुटुंब घरी पोचवू, हे ते वचन. नव्या अवतारांनी चेहरा तेवढा उचलला आणि वचन वाटेत टाकून दिले.

इंग्लंडची मिनी घ्या. १९५६ साली सुएझचा पेचप्रसंग उद्भवला, पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि इंग्रज माणूस तीनचाकी बुडबुड्यांसारख्या गाड्यांतून हिंडू लागला. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या प्रमुखांनी अलेक इसिगोनिस या अभियंत्याला सांगितले, खरीखुरी छोटी मोटार करून दाखव. इसिगोनिसने हिशेब मांडला तो माणसापासून. गाडी दहा फुटांची. मग चार माणसांना जागा द्यायची तर यंत्राने अंग चोरले पाहिजे. म्हणून त्याने इंजिन आडवे बसवले, गिअरची पेटी त्याच्या खाली तेलाच्या कुंडात घातली आणि चाके अवघ्या दहा इंचांची केली. गाडीने अडवलेल्या जागेपैकी सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ती बाजारात आली तेव्हा तिची किंमत पाचशे पौंडांच्या आत होती. पुढे तिच्यावर बीटल्स मंडळीही भाळली आणि राजघराण्यातली माणसेही. परंतु इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गरिबासाठी केलेली वस्तू श्रीमंताला आवडली होती; श्रीमंतासाठी केलेल्या वस्तूला गरिबाचे नाव दिलेले नव्हते.

जुनी मिनी २००० साली थांबली आणि २००१ साली बीएमडब्ल्यू कंपनीने नवी आणली. लांबी दहा फुटांवरून बारा फुटांवर गेली. वजन सहाशे किलोंच्या आसपास होते ते हजारावर गेले. पुढे त्याच नावाची 'कंट्रीमन' निघाली, ती आजमितीला साडेचार मीटरच्या घरात पोचली आहे. मिनी म्हणजे लहान! साडेचार मीटरच्या गाडीला मिनी म्हणायचे, तर आमच्या शाळेच्या घंटेला नूपुर का म्हणू नये?

इटलीची कथा याहून हृद्य आहे. १९५७ च्या ४ जुलैला तुरिन शहरात फियाट ५०० आली. तिचा जनक दान्ते जाकोसा. युद्धात होरपळलेला इटालियन माणूस तेव्हा स्कूटरवर बायकापोरांना घेऊन फिरत होता. त्याला डोक्यावर छप्पर द्यायचे होते, आणि तेही परवडेल असे. गाडीची लांबी तीन मीटरला तीन सेंटिमीटर कमी, मागे ४७९ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, तेही हवेने गार होणारे. वरचे छप्पर कापडाचे. आज त्या कापडी छपराकडे पाहून लोक 'काय ही रसिकता!' म्हणतात. अहो, ती रसिकता नव्हे, काटकसर होती. तेवढाच पत्रा वाचत होता! पुढे रसिकांनी तिच्यावर प्रेम केले ही गोष्ट निराळी.

बरोबर पन्नास वर्षांनी, २००७ च्या ४ जुलैला, त्याच तुरिनमध्ये नव्या ५०० चा सोहळा झाला. गाडी अर्ध्या मीटरहून अधिक वाढली होती, यंत्र मागचे पुढे आले होते, आणि ती तयार होत होती पोलंडमध्ये. पुढे कापडी छप्परही आले. मात्र आता ते विजेवर उघडे आणि त्याला जास्तीचे पैसे पडत. ज्या छपराने एकदा पैसे वाचवले, त्याच छपरासाठी आता पैसे मोजायचे. वारशाची याहून मोठी थट्टा मला तरी ठाऊक नाही.

आणि जर्मनीची बीटल! तिचे पूर्वज काही संत नव्हते. हिटलरच्या राजवटीत आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून लाखो लोकांनी तिच्यासाठी पैसे साठवले, आणि त्यांतल्या एकालाही गाडी मिळाली नाही. पण युद्धानंतर तिने ते मोडलेले वचन जगभर पाळले. मेक्सिकोतील प्वेब्ला शहरी तिचा कारखाना होता. तिथे लोक तिला लाडाने 'वोचो' म्हणत. मेक्सिको शहरात ती टॅक्सी म्हणून धावे. तिलाही दारे दोनच होती. मग तिथल्या टॅक्सीवाल्यांनी काय केले? चालकाशेजारची खुर्चीच काढून टाकली, की उतारू सरळ आत जाऊन मागे बसावा. माझ्या आईला तिथे पायरीवर बसावे लागले नसते.

१९९७ पासून त्याच कारखान्यात 'न्यू बीटल' होऊ लागली. गोल्फ गाडीच्या सांगाड्यावर बीटलची पाठ बसवलेली, आणि पुढ्यात चालकासमोर फुलासाठी एक चिमुकली फुलदाणी. सहा वर्षे एकाच कारखान्यात दोघी तयार होत होत्या. जुनी मेक्सिकोच्या रस्त्यावर उतारू वाहायला जाई. नवी मुख्यतः अमेरिकेत शौकिनांच्या दारी जाई. २००३ च्या ३० जुलैला जुनीतली शेवटची गाडी बाहेर पडली, तिचा क्रमांक होता २,१५,२९,४६४. निरोपाला वाजंत्री होती. नवीचा अवतारही २०१९ साली संपला. सव्वादोन कोटींच्या आसपास गाड्या करणारीला लोकांनी वाजतगाजत निरोप दिला. फुलदाणीवालीसाठी कुणाचे डोळे ओलावल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. उद्या एखाद्या प्रकाशकाने जुन्या गाजलेल्या कादंबरीचे नाव आणि मुखपृष्ठ घेऊन आत भलताच मजकूर छापला, तर वाचक त्याला कोर्टात खेचतील. मोटारीच्या धंद्यात मात्र याला परंपरेचा सन्मान म्हणतात!

आता प्रतिपक्षाचे ऐकू. ते म्हणतात, "मास्तर, जुन्या गाड्या अपघातात पत्र्याच्या डब्यासारख्या चेपत. नव्या ५०० ला युरोपच्या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले. सुरक्षितता हवी तर अंग वाढणारच." हे खरे आहे आणि मी ते मान्य करतो. नातवंडांना घेऊन जुन्या मिनीतून महामार्गावर जा, असे मी कुणाला सांगणार नाही. पण सुरक्षितता म्हणजे दार जाड होणे. आतली जागा आखडणे आणि किंमत ऐटीची होणे नव्हे. जपानकडे पाहा. तिथे छोट्या गाड्यांसाठी कायद्याने माप आखून दिले आहे: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी. आजचे सुरक्षेचे नियम पाळून त्या मापात चार दारे आणि चार मोठी माणसे बसतात. आपली मारुती ८०० त्याच जपानी घराण्यातली. या गाड्या कुणाचा चेहरा मिरवीत नाहीत. फक्त वचन पाळतात.

"पण लोकांना जुने रूप आवडते, त्यात तुमचे काय गेले?" असेही कुणी विचारील. काही गेले नाही. भाच्याने स्वतःच्या कमाईतून सुंदर वस्तू घेतली, याचा मला आनंदच आहे. तिला सुंदर म्हणा, शौक म्हणा. वारसा तेवढे म्हणू नका.

इथपर्यंत दोष कंपन्यांना दिला. आता आरसा आपल्याकडे वळवतो. २००८ च्या जानेवारीत दिल्लीला टाटांची नॅनो प्रथम लोकांपुढे आली. स्कूटरवर पावसात जाणारे कुटुंब पाहून ही कल्पना सुचली, असे रतन टाटांनी सांगितले होते. लांबी ३.१ मीटर, म्हणजे जवळजवळ जुन्या मिनीएवढी, मागे दोन सिलिंडरचे इंजिन, म्हणजे जुन्या ५०० ची रीत, दारे चार, आणि किमतीचे लक्ष्य एक लाख. पुण्याच्या अभियंत्यांनी ती घडवली. इसिगोनिस आणि जाकोसा यांचा खरा वारस जगात कुणी असेल, तर ही नॅनो. त्याच वर्षी नवी फियाट ५०० ही परदेशातून आपल्याकडे आली, लाखालाखांची किंमत घेऊन.

नॅनोचे काय झाले? आपण तिला हसलो. तिच्यात उणिवा होत्या, सुरुवातीच्या काही गाड्यांनी पेटही घेतला. पण तिला मारले ते 'सगळ्यांत स्वस्त' या बिरुदाने. २०१८ साली ती बंद पडली. मीसुद्धा निरपराध नाही. बायको म्हणाली होती, "आपण चौघे बसतो, हप्ता झेपतो, घेऊन टाकू." मी घेतली नाही. मुख्याध्यापक काय म्हणतील, पालक काय म्हणतील, या विचाराने मी एक जुनी, मोठी, पेट्रोल पिणारी गाडी घेतली आणि तिचे हप्ते फेडता फेडता दोन दिवाळ्यांचे कपडे उधारीवर आणले. वचन दारात उभे होते. मी तोंडवळा पाहून त्याला परत पाठवले.

म्हणून कंपन्यांना माझे एवढेच सांगणे आहे: जुने नाव हवे असेल तर जुने काम करा. आणि वाचकहो, तुम्हा-आम्हाला सांगणे असे, की स्वस्त आणि छोट्या वस्तूची लाज वाटणे आपण सोडले नाही, तर चेहरे विकणाऱ्यांना गिऱ्हाईक कधीच कमी पडणार नाही.

काकांची टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. तिचे माहेरही इटलीच. फियाट ११०० हे तिचे मूळ, आणि ती कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली. मुंबईत तशी शेवटची टॅक्सी नोंदली गेली ती २००३ सालीच, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. उद्या कुणी तिचाही नवा अवतार काढील. काळा-पिवळा रंग असेल, गोल दिवे असतील, जाहिरातीत गेटवे ऑफ इंडिया असेल. त्या दिवशी मी आईला घेऊन दुकानात जाईन आणि एकच गोष्ट विचारीन: "हिच्या मागच्या सीटवर माझी आई न वाकता बसेल काय?"