वेग हवा? आधी पाण्याशी भांडण थांबवा

चाळिशीनंतर पोहण्याच्या स्पर्धेत उतरणारे बंधू-भगिनी आता आपल्यातही दिसू लागले आहेत. मास्टर्स स्पर्धांत 25 वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, त्यामुळे पन्नाशीतल्या बाईला पंचविशीच्या मुलीशी झुंजावं लागत नाही. आनंदाची गोष्ट आहे. पण वेळ सुधारत नाही म्हटलं की जो तो एकच सल्ला देतो : ‘अजून चार फेऱ्या वाढवा.’ अनेक वर्षं रुग्णसेवेत काढलेल्या आम्हाला हा सल्ला अर्धवट वाटतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणून नुसत्या ताकदीवर मिळवलेला वेग फार महाग पडतो. श्वास घ्यायला डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात आणि अंगच पाणी अडवतं. डोकं उचलू नका, अंगाबरोबर कुशीला वळवा. तलावाच्या एका लांबीला किती हात मारता ते मोजा. तेवढ्याच वेळात दोन हात कमी लागले, तर ती खरी प्रगती.

सार्वजनिक तलावावर जेमतेम पाऊण तास मिळतो. पहिली दहा मिनिटं सावकाश पोहा, पुढची दहा तंत्राला द्या. मग 50 मीटर जोरात आणि अर्धा-पाऊण मिनिट विश्रांती, असं आठ वेळा. आठवी फेरी पहिलीइतक्याच वेळात व्हायला हवी. शेवटी पुन्हा सावकाश. असा जोराचा सराव आठवड्यातून दोनदा पुरे, तोही लागोपाठच्या दिवशी नको. स्नायू विश्रांतीतच सावरतात.

आमच्या बॅचमधल्या एक ताई तीन महिने कसून पोहत होत्या, तरी वेळ वाढतच चालली होती. ‘मन लावत नाही,’ असं त्यांना ऐकावं लागलं. आम्ही रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन निघालं 9! बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. स्नायूंना प्राणवायूच पुरेसा पोचत नसेल, तर वेग येणार कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे ही एकट्या ताईंची गोष्ट नाही.

म्हणून सराव वाढवण्याआधी हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. खांदा दुखत असेल तर गोळी खाऊन पोहू नका. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच बाहेर या. भराभर श्वास घेऊन पाण्याखाली लांब जाण्याच्या पैजा तर मुळीच लावू नका. त्यात आवाजही न होता शुद्ध हरपते.

आपल्यातल्या अनेकांना लहानपणी तलावाची फी परवडली नाही, पोहणं उशिरा आलं. तो उशीर भरून काढायला शरीराला राबवू नका. आधी तपासणी करा, मग घड्याळ लावा.