खलपुरुषाचा हेतू आणि समीक्षेचे मौन

मराठी समीक्षेला ज्या प्रश्नांचा संकोच वाटतो त्यांत 'असे कसे होईल?' हा प्रश्न पहिला मानावा लागेल. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावातून एस.टी.ने बारामतीच्या महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी हा प्रश्न बसमध्ये मोकळेपणाने विचारतो आणि वर्गाच्या उंबरठ्याशी आला की दप्तरात घालून ठेवतो. 'स्टार वॉर्स' मालिकेतील चित्रपट, 'अ‍ॅव्हेंजर्स', हे सारे त्याने हिंदी आवाजात पाहिलेले असते. ग्रह फोडू शकणारे यान एका झरोक्यातून सोडलेल्या अस्त्राने कसे नष्ट होते, पत्नीला वाचवू पाहणारा अनाकिन एका रात्रीत लहान मुलांवर प्रकाशखड्ग कसा उगारतो, विश्वावर हुकमत मिळवलेला थॅनोस अन्नपाणी दुप्पट करण्याऐवजी प्राणिमात्र निम्मे का करतो, यांवर बारामती येईपर्यंत वाद रंगतो. त्याच विद्यार्थ्यापुढे परीक्षेत कादंबरीवरचा प्रश्न आला की तो लिहितो, 'व्यक्तिरेखा जिवंत झाली आहे.' ही भाषा त्याला कोणी शिकवली, याचे उत्तर मराठी विभागांनी द्यावयाचे आहे.

'स्पेस ऑपेरा' ही संज्ञाच मुळात शिवी म्हणून जन्मली. १९४१ मध्ये विल्सन टकर यांनी ती अंतराळयानांच्या साचेबंद, सवंग कथांसाठी वापरली. पुढे तिच्यातला उपहास झडला, प्रकार टिकला. मराठी अभ्यासक मात्र अजून १९४१ मध्येच आहेत. हा प्रकार परका आहे, आपल्या मातीशी त्याचा संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे की याच इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरांची आवरणे घडत आली आहेत. ज्याच्या घरातले कोणी तेथे पाळीवर जाते त्या मुलाला अंतराळ ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

अशा चर्चेची थट्टा करणाऱ्यांच्या हाती एक जुने शस्त्र आहे. १९३३ साली एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅक्बेथला मुले किती, असे शीर्षक देऊन एक निबंध लिहिला आणि ए. सी. ब्रॅडली यांच्या पात्रकेंद्री समीक्षेची रेवडी उडवली. नाटक म्हणजे शब्दांची काव्यात्म रचना. तिच्या बाहेर पात्रांना चरित्र नसते, हा त्यांचा मुद्दा. गंमत अशी की ब्रॅडलींनी तो प्रश्न त्या रूपात विचारलाच नव्हता. शीर्षक उपहासासाठीच घडवलेले होते. ब्रॅडलींनी १९०४ च्या ग्रंथाच्या टिपांतून विचारले ते असे, की बापाच्या मृत्यूच्या वेळी हॅम्लेट कोठे होता. कळसच्या एस.टी.तला प्रश्न याहून निराळा नाही. फरक एवढाच, की ब्रॅडली ऑक्सफर्डला होते. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर मराठीत कलाकृतीच्या स्वायत्ततेचा जो आग्रह प्रबळ झाला त्याला नाइट्स यांचा उपहास सोयीचा ठरला. त्या आग्रहाने कथनाच्या कार्यकारणभावाची चौकशी हीच अरसिकता ठरवली.

वस्तुतः रसिकतेच्या शास्त्राने ही चौकशी कधी त्याज्य मानलेली नाही. अभिनवगुप्ताने सात रसविघ्ने सांगितली, त्यांत पहिलेच विघ्न संभावनाविरहाचे आहे. घडते आहे ते संभवनीयच वाटत नसेल तर प्रेक्षकाचे चित्त तेथे स्थिरावत नाही, मग रसाची गोष्ट दूरच. यावर त्याने सुचवलेला उपायही मार्मिक आहे. लोकोत्तर कृत्ये दाखवायची तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा, म्हणजे दीर्घ प्रसिद्धीने रुजलेला विश्वास त्या कृत्यांना आधार देतो. समुद्र ओलांडणे रामकथेत खटकत नाही, ते यामुळे. अ‍ॅरिस्टॉटलनेही अशक्य पण संभवनीय गोष्ट शक्य पण असंभवनीय गोष्टीपेक्षा पसंत केली. स्पेस ऑपेराचा प्रेक्षक नेमकी हीच मर्यादा पाळतो. प्रकाशाहून वेगवान यान तो विनातक्रार स्वीकारतो. तेच यान शत्रूच्या जहाजावर आदळवून अख्खे आरमार कापता येते, असे २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये दिसल्यावर मात्र तो विचारतो, मग आधीच्या चाळीस वर्षांत हे कोणालाच कसे सुचले नाही? अविश्वास बाजूला ठेवण्याचा करार त्याने मोडलेला नसतो; कराराची कलमे दुसऱ्या पक्षाने बदलली, अशी त्याची तक्रार असते.

या तक्रारीची आपल्याकडची वंशावळ काढायला फार खणावे लागत नाही. कलगी-तुऱ्याच्या फडांतील सवाल-जवाब, भेदिक शाहिरीतील कूटप्रश्न हे सारे कथेला उलटतपासणीस उभे करण्याचेच प्रकार. रावणाने वैर का धरले, या शंकेला पुराणांनी जय-विजयांच्या शापाची कथा जोडून उत्तर दिले; भक्त म्हणून सात जन्म की वैरी म्हणून तीन, या पर्यायांतून त्यांनी वैर निवडल्याचे लोकपरंपरा सांगते आणि कीर्तनकार अजून रंगवतात. खलपुरुषाच्या हेतूसाठी मागाहून लिहिलेली पूर्वकथा ती हीच. आधुनिक काळात १९६७ या एकाच वर्षी शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' व इरावती कर्वे यांचे 'युगान्त' आले. पहिल्याने कर्णाला सहानुभूतीचा महापूर दिला. दुसऱ्याने थंडपणे विचारले, खांडववन जाळण्याचे कारण काय, विदुर व युधिष्ठिर यांचे नाते नेमके कोणते? 'युगान्त' अभ्यासक्रमात लावायचे आणि त्याच जातीचा प्रश्न विद्यार्थ्याने चित्रपटाविषयी विचारला तर हसायचे, ही विसंगती कोणाला बोचत नाही, हेच खरे आश्चर्य.

विज्ञानकथेच्या मराठी समीक्षेकडून येथे मदत व्हायला हवी होती. १९७४ साली जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत धाडली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथेची दखल घेतली. इतक्या चांगल्या आरंभानंतर समीक्षा अडकली ती यात विज्ञान किती आणि कथा किती, या तराजूत. खलपुरुषाला या तराजूत पारडेच नाही. त्याला काय हवे आहे, ते त्याला का हवे आहे, आणि ते त्याने मागावे अशी व्यवस्था कोणी केली, हे प्रश्न विज्ञानाच्या अचूकतेने सुटत नाहीत.

चाहत्यांचीही येथे तरफदारी करण्याचा हेतू नाही. त्यांच्या वादात दोन खोडी ठळक आहेत. पहिली, उत्तर निर्मात्याकडूनच यावे अशी अपेक्षा. १९७७ च्या चित्रपटातील 'डेथ स्टार'च्या झरोक्यावर जवळपास चार दशके प्रश्न विचारले गेले. २०१६ च्या 'रोग वन'ने सांगितले की अभियंता गेलन अर्सो याने ते वैगुण्य मुद्दाम ठेवले होते. शंका विचारणाऱ्यालाच शंकेच्या निरसनाचे तिकीट विकले गेले. पुराणिकाने निदान दक्षिणेवर भागवले असते. दुसरी खोड अधिक गंभीर आहे. हेतू कळला की पात्र समजले, आणि पात्र समजले की त्याचे म्हणणे बरोबर, अशा दोन उड्या चाहता नकळत मारतो. इयागोच्या हेतूंचा माग काढण्यातली व्यर्थता कोलरिजने पूर्वीच दाखवली होती. प्रत्येक दुष्टाव्यामागे समजण्याजोगे दुःख असलेच पाहिजे, हा नियम कोणत्याही साहित्याने केलेला नाही.

थॅनोसच्या वादात ही दुसरी खोड कोठे नेते ते दिसते. १९९१ च्या चित्रकथेत थॅनोस निम्मे जीव मारतो ते मृत्यूदेवतेला रिझवण्यासाठी. तो प्रियाराधन करणारा वेडा आहे, त्याच्याशी सहमत होण्याची सोयच नाही. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये हा हेतू काढून त्याजागी लोकसंख्येचा हिशोब घातला गेला, म्हणजे १७९८ चा माल्थस. खलपुरुष एकदम विचारवंत झाला. गामोरा त्याच्या खात्रीवर शंका घेते, पण प्रतिहिशोब कोणीच मांडत नाही. प्रेक्षागृहातून बाहेर पडणारी मुले 'पद्धत चुकली, पण मुद्दा बरोबर' असे बोलू लागतात, आणि आपण कथानकाच्या तर्काविषयी बोलतो आहोत असेच त्यांना वाटत असते.

वास्तविक या मुद्द्याचे खंडन करायला इंदापूर तालुक्यातील मुलाइतका अधिकारी वाचक सापडणार नाही. नीरा डाव्या कालव्याचे शेपूट त्याच्या तालुक्यात येते. धरण भरले म्हणून टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळतेच असे नाही, आवर्तन वरच्या बाजूला उसातच जिरू शकते, चारीवर पाळी कोणाची आणि दार कोण उघडतो यावर पीक ठरते, हे तो चालीरीतीसारखे जाणतो. वरची माणसे निम्मी झाली आणि दार त्याच हाती राहिले, तर टेलचे रान पूर्वीइतकेच कोरडे राहील. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की १९४३ च्या बंगालमध्ये अन्नाचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. लोक मेले ते अन्नावरचा हक्क गमावल्यामुळे. अन्नपाणी दुप्पट का केले नाही, हा बसमधला प्रश्नही म्हणून अपुरा आहे. दुप्पट केलेले अन्नपाणी कोणाच्या दारातून वाहिले असते, हा पुढचा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही. तो विचारायची सवय ज्याने लावायची तो वर्गात 'प्रतिमासृष्टी' शिकवत असतो.

हे समाजशास्त्र झाले, समीक्षा नव्हे, असा आक्षेप येईलच. पण टंचाईला वाटपाचा प्रश्न न मानता संख्येचा प्रश्न मानणे ही त्या संहितेतील रचनाविषयक निवड आहे. त्यासाठी पटकथेतून सावकार, व्यापारी, राज्यकर्ते, पाटकरी सगळे वगळावे लागले. टायटन हा ग्रह उजाड दाखवावा लागला, पण तो कसा उजाडला याचे एकही दृश्य न देता. ही वगळणूक ओळखणे हे संहितावाचनाचे काम आहे आणि तिची पहिली खूण 'असे कसे होईल?' या अडाणी ठरवलेल्या प्रश्नातच उमटते. थॅनोसचा हेतू खोटा वाटतो तो याच जागी: आपल्या ग्रहाचा नाश त्याने पाहिला असे तो सांगतो, आणि त्याच्या आठवणीत एकही कोठार नाही, कोठाराची किल्ली असलेला एकही माणूस नाही.